दौंडाची पंचवीस मिनिटं

न्हावऱ्याच्या म्हाळूआबांना आयुष्यात जितकी मोठी माणसं भेटली, तितकी तालुक्याच्या आमदारालाही भेटली नसतील. फरक एवढाच, की आमदाराला भेटणारी माणसं जागी असतात.

हे म्हणणं आबांच्या बायकोचं, म्हणजे चांगुणाबाईंचं. “तुमाला भेटलेला एकबी मोठा माणूस पुरता जागा नव्हता,” असं त्या चाळीस वर्षं सांगत आल्या आहेत, आणि त्यांचं काही चुकत नाही. चूक असलीच तर ती दौंड जंक्शनची.

दौंडाला गाडी फिरायची. पुण्याहून मनमाडकडं जाणारी गाडी ज्या तोंडानं दौंडात शिरायची, त्या तोंडानं तिला पुढं जाताच यायचं नाही. रूळच तसे टाकलेले. मग पुढचं इंजिन सोडवायचं, बाजूच्या रुळावरून फिरवून आणायचं आणि गाडीच्या शेपटाला जोडायचं. शेपटाचं तोंड व्हायचं, तोंडाचं शेपूट, आणि गाडी जिकडून आली तिकडंच तोंड करून निघायची. थोडं पुढं गेल्यावर रूळ वळायचे आणि नगरच्या दिशेनं लागायचे, पण ते थोडं पुढं गेल्यावर. या सगळ्याला वीस-पंचवीस मिनिटं लागायची. जागा असलेला प्रवासी तेवढ्यात उतरून चहा प्यायचा. झोपलेला मात्र इंजिन जोडल्याच्या धक्क्यानं जागा व्हायचा, खिडकीतून बाहेर बघायचा, आणि गाडी परत पुण्याला निघालेली बघून हडबडायचा. कुणी साखळी ओढायचा, कुणी उडी मारायचा. एकदा तर एक अख्खं वऱ्हाड नवरदेवासकट फलाटावर उतरलं होतं, आणि मुलीकडच्यांनी लग्न मोडलं म्हणून गाडी परत वळवली असं नवरदेवाच्या मामानं जाहीरही करून टाकलं होतं.

म्हाळू या दौंडात शंटिंगला होता. तेव्हा तो आबा झालेला नव्हता. इंजिन आणि पहिला डबा यांच्यामधल्या अंधाऱ्या फटीत वाकून शिरायचं, कपलिंगचा लोखंडी आकडा सोडवायचा, हवेचा पाईप काढायचा, मग गाडीच्या दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचं आणि तेच सगळं उलट करायचं, हे त्याचं काम. सदतीस वर्षं त्यानं ते केलं. आणि गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या त्या चालण्यात, सतरा-अठरा डब्यांच्या कडेकडेनं, त्याला मोठी माणसं भेटत गेली. दुपारी उन्हानं फलाट पाण्यातल्यासारखा हलत असायचा, दूरच्या मालगाडीच्या वाघिणी अधांतरी तरंगताना दिसायच्या, आणि त्या तरंगत्या जगातून केस विस्कटलेला, एका पायात चप्पल घातलेला एखादा थोर पुरुष समोर येऊन विचारायचा, “ओ, गाडी परत कुठं चालली?”

एक मंत्री होते. पहिल्या वर्गाच्या डब्यात गाढ झोपलेले. धक्क्यानं उठले, बाहेर पाहिलं आणि दारात येऊन ओरडले, “कुणी परत बोलावलं? मुंबईला काय झालं?” त्यांचा सेक्रेटरी तारघराकडं धावला. सरकार पडलं, अशी बातमी तीन डब्यांमध्ये पोचलीसुद्धा. म्हाळूनं त्यांना इंजिनाचं सांगितलं, तेव्हा मंत्रिमहोदय एवढे सुटल्यासारखे झाले, की त्यांनी त्याला दोन केळी दिली आणि खातं कोणतं म्हणून विचारलं. म्हाळू म्हणाला, शंटिंग. मंत्री म्हणाले, आमचंबी तेच.

सिनेमात ज्यानं अर्धा डझन नायकांचे बाप मारले, असा एक खलनायक होता. तो आम्लेट-पाव घ्यायला उतरला आणि फलाटावरच्या लंगड्या कुत्रीनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. सगळं आम्लेट तिला देऊन तो म्हाळूच्या पाठीमागं उभा राहिला, आणि शिट्टी होईपर्यंत तिथून हलला नाही. एका नावाजलेल्या क्रिकेटपटूनं म्हाळूला शपथ घालून विचारलं, की आपण डाव्या बाजूच्या खिडकीत बसलो होतो तर उजव्या बाजूच्या खिडकीत कसे आलो.

यातल्या कुणाचीही सही म्हाळूकडं नाही, फोटो नाही. कारण साधं होतं. त्याचे हात कोपरापर्यंत काळ्या ग्रीसनं माखलेले असायचे. कागद धरला तर कागद गेला, माणूस धरला तर माणूस गेला. मोठी माणसं निघताना खुशीत हात पुढं करायची, तेव्हा म्हाळू आपली मूठ वळून, हात उलटा करून मनगट पुढं द्यायचा. गॅरेजात, कारखान्यात सगळीकडंच देतात. समोरचा ते मनगट धरून हलवायचा. म्हाळूच्या आज्याचा हात न्हावऱ्यात कुणी उभ्या जन्मात हातात घेतला नव्हता. त्यामुळं दौंडाला मंत्र्यानं मनगट धरलं, नटानं धरलं, तेव्हा दर वेळी म्हाळूला पाठीमागं आज्या उभा असल्यासारखं वाटायचं. हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. केळ्यांचं तेवढं सांगितलं.

पण या सगळ्यांत म्हाळूआबांची खरी दौलत म्हणजे चारुलता शेजवळकर.

चारुलताबाईंचं गाणं आज कुणाला ठाऊक नाही? लग्नात वाजतं, गणपतीत वाजतं, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर तर इतकं वाजतं, की आधी गाणं येतं आणि मागून ट्रॅक्टर. एक्क्याण्णव साली मात्र त्या कुणीच नव्हत्या. रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी एक अठरा-एकोणीस वर्षांची पोरगी पिशवी घेऊन घाईघाईनं गाडीतून उतरली. कानामागं आदल्या दिवशीचा गुलाबी रंग राहिलेला, डोळ्यांत झोप. पण तिचा चेहरा घाबरलेला नव्हता. त्यावर आनंद होता. गाडी परत फिरली म्हणून आनंद झालेला माणूस म्हाळूनं दौंडात पहिल्यांदाच पाहिला.

तिनं एका दमात सांगून टाकलं. जळगावला तिचं पहिलं गाणं होतं, मोठ्या माणसांपुढं. घशाला कोरड पडली होती, आणि पुण्यापासून ती एकच विनवणी करत होती, की ही गाडी परत फिरू दे. करता करता झोप लागली, आणि उठून बघते तर गाडी फिरलेली.

म्हाळूला तिचा आनंद मोडायचं जिवावर आलं. पण नोकरी होती.

“गाडी न्हाई फिरली, ताई,” तो म्हणाला. “इंजिन फिरलंय. गाडी निघाली तिथंच चाललीय.”

तिनं त्याच्याकडं पाहिलं, इंजिनाकडं पाहिलं आणि मग एकदम हसू लागली. तंबोरा गाडीतच राहिला होता. शिट्टी झाली. चढताना तिनं हात पुढं केला, म्हाळूनं मनगट दिलं, ते धरून ती वर गेली. गाडी हलली तेव्हा दारात कुणीतरी काहीतरी गुणगुणत होतं.

झालं एवढंच. ती कोण, हेही म्हाळूला माहीत नव्हतं. चार वर्षांनी दौंडच्या बाजारात एका कॅसेटवर त्याला तोच चेहरा दिसला, आणि तो धावत क्वार्टरवर आला. चांगुणाबाईंनी कॅसेट उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, पावडर लावल्यावर सगळ्या बाया सारख्याच दिसत्यात.

पुढं ही हकिकत वाढत गेली. पहिल्या वर्षी पोरगी गुणगुणली. दुसऱ्या वर्षी तिनं दोन ओळी म्हटल्या. आबा निवृत्त होऊन न्हावऱ्याला राहायला आले तोवर ती तंबोरा घेऊन बाकावर बसली होती, फलाट तुडुंब भरला होता आणि स्टेशनमास्तरांनी लाल झेंडी दाखवून गाडी दहा मिनिटं रोखून धरली होती. न्हावऱ्यात ही हकिकत रोज सकाळी दूध डेअरीच्या कट्ट्यावर चालायची. दूध घालायला आलेली माणसं कॅन खाली ठेवून ऐकायची. फॅट कमी लागलेल्यांना तर आबांचं दौंड हाच काय तो दिलासा होता.

डेअरीचे चेअरमन पोपटराव हे आबांचे चौथीपर्यंतचे वर्गबंधू. पोपटराव गावचे मोठे बागायतदार, सोसायटीत आहेत, पतसंस्थेत आहेत, जिथं खुर्ची आहे तिथं आहेत. त्यांना म्हाळूचं दौंड तोंडपाठ होतं, आणि एक गोष्ट आतून सलत होती. इतकी वर्षं राजकारण करून त्यांच्याकडं मोठ्या माणसांबरोबरचे चाळीस फोटो होते, पण ते कुणी दोन मिनिटं बघायचं नाही. आणि म्हाळूकडं एकही फोटो नव्हता, तरी माणसं दूध नासेपर्यंत ऐकत उभी राहायची.

यंदा डेअरीला पन्नास वर्षं झाली. पोपटरावांची नात तेजश्री पुण्याला चारुलताबाईंकडं गाणं शिकते. तिनं बाईंना गळ घातली आणि बाई न्हावऱ्याला यायला कबूल झाल्या. त्या सकाळी पोपटराव कट्ट्यावर आले ते शांतपणे. आबांची हकिकत स्टेशनमास्तरांपर्यंत आली होती.

“म्हाळू,” पोपटराव म्हणाले, “बाई येत्यात. पुढल्या रविवारी.”

सगळा कट्टा आणखी जवळ सरकला.

“शाल द्यायला तुलाच उभा करतो. बाईंनी वळखलं, तर जलमभर मी इथं खाली बसून तुझं दौंड ऐकीन. न्हाई वळखलं, तर या कट्ट्यावर पुन्हा दौंडाचं नाव काढायचं न्हाई. बोल.”

सगळ्यांनी आबांकडं पाहिलं. आबांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

“काढलं तर आमचा मांजरं न्यायचा रस्ता तुझा,” ते म्हणाले, आणि याचा अर्थ त्यांना स्वतःलाही कळला नाही.

घरी आल्यावर आबा बाजेवर आडवे झाले. सदतीस वर्षं नोकरी केली, त्यातनं उरलं होतं ते एवढंच. पेन्शन मुलाच्या, नवनाथच्या संसाराला जायची. तो शिक्रापूरला कंपनीत होता, तिथंच भाड्याच्या खोलीत राहायचा. क्वार्टर रेल्वेनं परत घेतलं. दौंडाला नवी कॉर्ड लाईन झाली, आणि आता मनमाडच्या बऱ्याच गाड्या दौंड स्टेशनात शिरतसुद्धा नाहीत, बाहेरच्या बाहेर वळून जातात. इंजिन फिरवायचं कारणच उरलं नाही. आबांचं दौंड आता फक्त डेअरीच्या कट्ट्यावर होतं. रविवारी तेही जाणार असेल, तर सोमवारी सकाळी माणसानं कुठं जायचं?

आणि बाई ओळखतील कशा? चौतीस वर्षं झाली. शिवाय ती तीच होती का? या विचारावर डोळा लागला, आणि आबांना नेहमीचं दुपारचं स्वप्न पडलं. दौंडाचा फलाट, हलणारं ऊन, आणि गाडीतून सगळे एकदम उतरताहेत. मंत्री, खलनायक, क्रिकेटपटू. सगळ्यांच्या एका पायात चप्पल. सगळे त्यांच्याकडं येताहेत. पण आज कुणी गाडीचं विचारलं नाही. मंत्र्यांनी केळं सोलत विचारलं, “आपण कोण?”

दुसऱ्या दिवशी आबांनी दौंडची एसटी धरली. साक्षीदार शोधायला. स्टेशनाबाहेर मल्हारीचा चहाचा गाडा अजून होता. त्या वर्षी मल्हारी फलाटावर किटली घेऊन फिरायचा. आबांनी विचारलं, एक्क्याण्णव साल, रंगपंचमी, तंबोरेवाली पोरगी आठवती का.

मल्हारीनं बराच विचार केला. त्याला पोरगी आठवेना. तंबोरा आठवेना. स्टेशनमास्तरांनी दहा मिनिटं गाडी थांबवलेली तर अजिबात आठवेना, कारण ते मास्तर बापाच्या मयतीलासुद्धा गाडी थांबवणारे नव्हते.

“मंग ती गायलेली?”

“गुणगुणायचास तर तूच. डब्याच्या मधी शिरलास की तुझं सुरू. रेडा कुठं तरी अडकलाय असं वाटायचं.”

आबांनी चहा न संपवताच कप ठेवला. पूल चढून ते फलाटावर जाऊन बसले. लांब, पार लांब, शेताच्या पलीकडून एक गाडी बाहेरच्या बाहेर वळण घेऊन नगरकडं निघून गेली. आतली सगळी माणसं झोपली असतील, आबांना वाटलं, आणि कुणालाच काही कळलं नसेल. त्या झोपलेल्या माणसांची त्यांना फार दया आली.

रविवारी डेअरीच्या पटांगणात मांडव उभा राहिला. चारुलताबाई आल्या. पन्नाशी ओलांडलेल्या, जाड भिंगांचा चष्मा, गुडघे दुखत असल्यानं पायऱ्या जपून चढणाऱ्या. आबांनी पुढच्या रांगेतून टक लावून पाहिलं आणि त्यांना काही म्हणता काही ओळखीचं दिसेना. बायकांच्या बाजूला चांगुणाबाई नवी साडी नेसून, तोंडात पान धरून बसल्या होत्या. त्यांना पैजेचं ठाऊक होतं. त्यांनी त्यावर एकही शब्द काढला नव्हता, आणि चाळीस वर्षांत आबांना एवढी भीती कशाचीच वाटली नव्हती.

सत्कार सुरू झाले. चेअरमन, माजी चेअरमन, भावी चेअरमन. प्रत्येक जण बाईंना पुष्पगुच्छ देई, आणि जाताना वाकून सांगे, की बाई, ओळखलंत का, आपण अमक्या साली अमक्या ठिकाणी भेटलो होतो. बाई प्रत्येकाला गोड हसून ‘हो हो’ म्हणत होत्या. आबांना ते हसू खालून नीट दिसत होतं. दौंडाला मोठी माणसं चहाचा पहिला घोट घेऊन, तो आवडला नसतानाही तसंच हसायची.

मग तेजश्रीनं माइकवर नाव घेतलं. सेवानिवृत्त रेल्वे कर्मचारी, म्हाळूआबा. कट्ट्यावरची सगळी मंडळी खुर्च्यांच्या कडेला सरकली. पोपटराव व्यासपीठावर हाताची घडी घालून बसले.

आबांनी एक वाक्य पाठ करून आणलं होतं: बाई, दौंड, एक्क्याण्णव, तुमच्या कानामागं रंग होता. रंगाचं त्यांनी कट्ट्यावर कधीच सांगितलं नव्हतं. ते राखून ठेवलं होतं. त्यांनी शाल बाईंच्या खांद्यावर ठेवली. बाई हसल्या. तेच हसू. चष्म्याआडचे डोळे दमलेले होते आणि त्यांत ओळखीचा मागमूस नव्हता.

आबांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. सदतीस वर्षांत त्यांनी एकाही झोपेतल्या माणसाला ‘मला ओळखलं का’ असं विचारलं नव्हतं. आता विचारायचं? पोपटरावांच्या भुवया वर चढल्या. जाऊ द्या, आबांच्या मनात आलं, गेलं दौंड. ते वळले.

तेवढ्यात बाईंनी रीत म्हणून हात पुढं केला.

आणि आबांनी मूठ वळून, हात उलटा करून मनगट दिलं. हात स्वच्छ होता. आठ वर्षं स्वच्छ होता. चांगुणाबाईंनी सकाळी साबण लावून घासून घेतला होता. पण हाताला ते कुठं माहीत? मांडवात हशा पिकला. कट्टा तर खुर्च्यांवरून घसरला.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मनगट धरलं होतं, आणि ते सोडतच नव्हत्या. त्याच्याकडं बघत राहिल्या, झोपेतून उठलेलं माणूस बघतं तशा. मग माइकपासून तोंड वळवून हळूच म्हणाल्या, “गाडी फिरली नाही...”

“इंजिन फिरलंय,” आबा म्हणाले.

बाईंनी आबांना खाली जाऊच दिलं नाही. मनगट धरूनच माइकपाशी नेलं आणि मांडवाला सगळी हकिकत सांगितली. फक्त ती आबांची हकिकत नव्हती, बाईंची होती. त्यात फलाटावर एक सहा फूट उंच माणूस होता, झुबकेदार मिशांचा. (आबा पाच फूट दोन इंच, मिशी त्यांना कधी फुटलीच नाही.) तो माणूस इंजिनाखालून आला होता, धुरातून. त्यानं म्हणे एका हातानं तिला पिशवीसकट उचलून डब्यात ठेवलं. आणि तो गात होता. गाडी हलली तेव्हा लोखंडाच्या त्या गदारोळात त्याचं गुणगुणणं ऐकू येत होतं, आणि ते जळगावपर्यंत कानातून गेलं नाही. रात्री मंचावर घसा पुन्हा कोरडा पडला, तेव्हा तिनं डोळे मिटून तीच चाल मनातल्या मनात धरली आणि सूर लागला. आजही दर कार्यक्रमाआधी त्या पडद्यामागं तीच चाल म्हणतात.

“चौतीस वर्षं मी हे घरी सांगते,” बाई म्हणाल्या. “माझे मिस्टर म्हणतात, तू झोपेत होतीस. माझ्या विद्यार्थिनी तोंडावर हो म्हणतात आणि मागं हसतात. शेवटी मलाच वाटायला लागलं होतं, की स्वप्न असेल.”

व्यासपीठावरच्या कोपऱ्यात तेजश्रीनं मान खाली घातली. हसणाऱ्यांत तीही असणार.

मग बाईंनी ती चाल म्हणून दाखवली. शब्द नव्हतेच. चार पावलं वर जाणारी, एक पाऊल खाली येऊन थांबणारी, पुन्हा तशीच. ऐकताना मांडवातली मुलं पेंगुळली, आणि मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं तर मान टाकून दिली. बायकांच्या बाजूला चांगुणाबाईंचं पान तोंडातच थांबलं.

सोमवारी कट्ट्यावर निवाडा झाला. पोपटरावांचा मुद्दा असा, की बाईंनी सहा फुटी मिशावाल्याला ओळखलं, म्हाळूला नाही. कट्ट्याचा मुद्दा असा, की मनगट कुणाचं होतं? बराच खल झाला, दोन कॅन उतू गेले, आणि शेवटी पोपटराव धोतर सावरून खरोखरच खाली बसले. म्हणाले, “सांग बाबा. पण आता कोण गायलं, तेवढं एकदा ठरव.”

तेच तर आबांना ठरवता येईना. ते म्हणत होते ती गायली, ती म्हणत होती हे गायले. मल्हारीचा रेडा आठवला. आपण गुणगुणायचो खरे, पण काय? आपल्याला तर एक गाणं धड येत नाही. त्या दिवशी पहिल्यांदाच आबा दौंड न सांगता कट्ट्यावरून घरी आले.

चांगुणाबाई ओट्यावर सुपात तांदूळ निवडत होत्या. आबा बाजेवर बसले आणि त्यांनी हीच शंका बोलून दाखवली.

“माझी हाय ती चाल,” चांगुणाबाई मान वर न करता म्हणाल्या.

आबा बाजेवरून पुढं वाकले.

“एक्क्याण्णवला नवनाथ चार म्हयन्यांचा व्हता. क्वार्टरच्या भिंतीला भिंत लागून यार्ड. रातंदिस शिट्ट्या. प्वार झोपायचं न्हाई. मंग मी आपली काय तरी म्हनायची त्याला. कुनी शिकवली न्हाई. तुमी कामाला निघायचा ती ऐकत निघायचा. बाईंनी काल म्हटली, तवा माझं दूध उतरल्यावानी झालं. ह्या वयात.”

म्हणजे अख्ख्या महाराष्ट्रात गाजलेलं ते गाणं ज्या सुरावर उभं राहिलं, तो दौंडच्या रेल्वे क्वार्टरमधून, एका रडक्या पोराच्या कानातून, शंटिंगवाल्याच्या तोंडातून, गाडीच्या दारातून जळगावला गेला होता. आबांना हे एवढं मोठं झालं, की त्यांना आडवंच व्हावं लागलं.

“काल का बोलली न्हाईस मग? येऊन सांगायचं व्हतंस बाईंना.”

“काय सांगू? वळखलं का, म्हनून?”

आबांनी टोपी काढून उशाशी ठेवली. मग जरा संकोचत म्हणाले, “म्हन की एकदा.”

चांगुणाबाईंनी इकडंतिकडं पाहिलं. कुणी नव्हतं. सुपातल्या तांदळावर बोटं फिरवत त्यांनी ती चाल धरली. चार पावलं वर, एक खाली. लिंबाची सावली ओट्यावर हलत होती, लांबच्या रस्त्यावर उसाचा एक ट्रॅक्टर चालला होता, आणि दुपार हळूहळू दौंडच्या फलाटासारखी पातळ झाली. मंत्री उतरले, खलनायक उतरला, कुत्री आली. सगळ्यांच्या दोन्ही पायांत चपला होत्या. कुणी काही विचारत नव्हतं. सगळे जण रांगेनं उभे राहून क्वार्टरच्या दिशेला कान देऊन ऐकत होते, आणि म्हाळू काळे हात पाठीमागं धरून त्यांच्या पुढं उभा होता.

चाल संपवून चांगुणाबाईंनी बाजेकडं पाहिलं. आबांचं तोंड उघडं होतं आणि बारीक घोरणं सुरू झालं होतं.

“मला आख्ख्या जन्मात एकच मोठा मानूस भेटला,” त्या तांदळातला खडा लांब फेकत म्हणाल्या, “आन् त्योबी जागा न्हाई.”